‘बुत’ या शब्दात हरवलेला बुद्ध

लहानपणी अभ्यास सोडून खिडकीत तंद्री लावून बसलो की अम्मी ओरडायची, “बुत बनके क्या बैठा है?” दखनी बोलणाऱ्या घरांत हा शब्द रोजचा. बुत म्हणजे दगडाची मूर्ती. न हलणारी, न ऐकणारी. पुढे उर्दू शायरीत हाच शब्द प्रेयसीसाठी वापरलेला दिसला आणि जुम्याच्या बयानात तोच शब्द शिर्कसाठी ऐकला. या शब्दाच्या पोटात एका माणसाचे नाव दडलेले आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तेही कुठल्या आलिमाकडून नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लिखाणातून.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या तिसऱ्या खंडात बौद्ध धर्माच्या ऱ्हासावर एक प्रकरण आहे. भारतातून बौद्ध धर्म नाहीसा होण्याचे मोठे कारण मुसलमानांच्या स्वाऱ्या होते, असे बाबासाहेब तिथे ठामपणे मांडतात. त्यासाठी ते एक भाषिक पुरावाही देतात. इस्लाम ‘बुत’चा शत्रू म्हणून पुढे आला आणि बुत हा शब्द बुद्धावरूनच आला आहे. म्हणजे मूर्तिपूजा आणि बुद्धाचा धर्म या दोन गोष्टी मुसलमानांच्या मनात एकच होऊन बसल्या होत्या.

मी ते पान वाचून पुस्तक मिटले. आमच्या मोहल्ल्याला लागूनच बौद्ध वस्ती आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमची पोरे सरबत वाटतात, ईदला त्यांच्याकडचे मित्र शीरखुर्मा प्यायला येतात. सभांमधून ‘दलित-मुस्लिम ऐक्य’ हा शब्द तर इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा अर्थ झिजून गेला. पण ज्यांच्या नावाने आपण ऐक्याच्या घोषणा देतो, त्यांनी आपल्यावर ठेवलेला हा आरोप आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? आणि वाचला तर त्याला उत्तर काय? ‘ते राजकारण होते, धर्म नव्हता’ हे आपले ठरलेले उत्तर. दुसरे उत्तर म्हणजे सूफींची नावे घेणे. दोन्ही उत्तरे मला त्या दिवशी अपुरी वाटली. म्हणून मी त्या एका शब्दाचाच माग काढायचे ठरवले.

नाव मूर्तीला चिकटले

फारसीतला ‘बुत’ हा शब्द बुद्ध या नावावरूनच आला, हे भाषेचे अभ्यासक आज सर्वसाधारणपणे मान्य करतात. इस्लाम मध्य आशियात पोहोचला तेव्हा बल्ख, बामियान, तिर्मिझ या पट्ट्यात शेकडो वर्षांपासून बौद्ध विहार उभे होते. बाहेरून येणाऱ्याला आधी मूर्ती दिसली, तिचे नाव कानावर पडले आणि नाव मूर्तीलाच चिकटून राहिले. अरबीत त्याचे ‘बुद्द’ झाले. अरबी लेखक हा शब्द कधी बुद्धासाठी, कधी मूर्तीसाठी, तर कधी मूर्ती असलेल्या देवळासाठी वापरतात. ९व्या शतकातला इतिहासकार बलाझुरी सिंधच्या मोहिमेबद्दल लिहितो, तेव्हा देबलचे देऊळही बुद्द असते आणि मुलतानची मूर्तीही बुद्दच असते. माणूस गेला, दगड राहिला.

पण याच बलाझुरीकडे आणखी एक नोंद आहे. इ.स. ७११-१२च्या मोहिमेत मुहम्मद बिन कासिमने सिंधमधले अरोर शहर तहाने घेतले. तिथल्या देवळांचे काय करायचे, हा प्रश्न आला. तेव्हा त्याने निर्णय दिला, की हे बुद्द म्हणजे ख्रिश्चनांची चर्चे, यहुद्यांची प्रार्थनागृहे आणि मजूसींची अग्निमंदिरे यांच्यासारखेच आहेत. म्हणजे कर घ्यायचा, पण देवळांना हात लावायचा नाही. ही मोहीम गोडीगुलाबीची नव्हती. देबल जिंकल्यावर तीन दिवस कत्तल चालली होती, हे बलाझुरीनेच लिहिले आहे. अरोरचा निर्णय उदारपणातून आला की राज्य चालवण्याच्या गरजेतून, हे सांगणे अवघड आहे. बहुधा दोन्हीतून. तरीही त्याचे महत्त्व कमी होत नाही. कुरआनात ज्यांचे नाव नाही अशा लोकांना, ज्यांचे नाव आहे अशा लोकांच्या रांगेत बसवण्याचा हा भारतातला पहिला ठळक निर्णय होता. मुसलमानांनी भारतीय धर्मांबद्दल केलेला धर्मशास्त्रीय विचार इथून सुरू होतो.

बल्ख, बगदाद आणि एक नुक्ता

आज अफगाणिस्तानात असलेल्या बल्ख शहराजवळ नौबहार नावाचे मोठे स्थान होते. नौबहार म्हणजे संस्कृतातला ‘नव विहार’. चिनी यात्रेकरू ह्युएनत्सांग ७व्या शतकात तिथे गेला होता. त्या विहाराच्या प्रमुखाला ‘बरमक’ म्हणत; तो शब्द संस्कृतातल्या ‘प्रमुख’वरून आला असे मानले जाते. हे घराणे पुढे मुसलमान झाले आणि अब्बासी खिलाफतीत इतके वर चढले, की हारून अल-रशीदच्या काळात यह्या बिन खालिद बरमकी वजीर झाला. अलिफ लैलाच्या गोष्टींत हारूनसोबत वेष पालटून फिरणारा जाफर हा त्याचाच मुलगा. ८०३ साली हारूनने या घराण्याचा पाडाव केला. पण त्याआधी यह्याने एक मोठे काम करून ठेवले होते. त्याने एक माणूस भारतात पाठवला आणि त्याला दोन गोष्टी आणायला सांगितल्या: औषधी वनस्पती आणि तिथल्या धर्मांची माहिती.

हे आपल्याला कळते ते इब्न अल-नदीम या बगदादच्या ग्रंथविक्रेत्याकडून. त्याने ९८७च्या सुमारास ‘फिहरिस्त’ नावाची अरबी ग्रंथांची प्रचंड सूची तयार केली. त्यात ‘बुद्द म्हणजे काय’ यावर तो भारतीयांमधली मतभिन्नता नोंदवतो. कुणी म्हणतात ती निर्मात्याची प्रतिमा आहे, कुणी म्हणतात ती त्याने पाठवलेल्या रसूलची. मग तो रसूल फरिश्ता होता की माणूस, यावर पुन्हा वेगवेगळी मते. काहींच्या मते ती ‘बूदासफ’ या हकीमाची प्रतिमा आहे. निर्माता, रसूल, फरिश्ता हे सगळे शब्द आपले आहेत, बौद्धांचे नाहीत. पण बगदादचा एक मुसलमान दहाव्या शतकात हा प्रश्न गंभीरपणे विचारत होता आणि त्याच्यासाठी बुद्द हा निव्वळ दगड नव्हता.

हा बूदासफ म्हणजे ‘बोधिसत्त्व’. त्याच्या नावाने ‘बिलौहर व बूदासफ’ ही गोष्ट अरबीत लिहिली गेली. ज्योतिष्यांच्या भाकितामुळे राजाने मुलाला महालात बंद ठेवले आहे. तरीही एक दिवस तो बाहेर पडतो. आजारी माणूस पाहतो, म्हातारा पाहतो, मरण म्हणजे काय ते त्याला कळते आणि मग एक साधू येऊन त्याला वैराग्याचा मार्ग शिकवतो. शिया परंपरेतले थोर मुहद्दिस शेख सदूक (मृत्यू ९९१) यांनी ही कथा आपल्या ‘कमालुद्दीन’ या ग्रंथात घेतली.

अरबी लिपीत ‘बे’खाली एक नुक्ता असतो, ‘ये’खाली दोन. नकल करताना एक नुक्ता वाढला आणि बूदासफचा ‘यूदासफ’ झाला. तिथून ही गोष्ट जॉर्जियन भाषेत गेली, मग ग्रीकमध्ये, मग लॅटिनमध्ये. तिथे तो ‘जोसाफत’ झाला आणि रोमन कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत जाऊन बसला. २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मरणदिन. कपिलवस्तूचा राजपुत्र ख्रिश्चन संत झाला, आणि त्याला तिथवर पोहोचवणारा पूल अरबी भाषेतला होता. या कथेचा अरबी पाठ १८८८-८९ मध्ये आपल्या मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला होता. इस्माइली समाजाने तो जपून ठेवला होता.

ज्यांनी विचारले आणि ज्यांनी जाळले

११व्या शतकात अल-बिरुनीने भारतावर आपला थोर ग्रंथ लिहिला. संस्कृत शिकून, पंडितांना प्रश्न विचारून लिहिलेला. पण बौद्धांविषयी त्याच्याकडे जवळजवळ काहीच नाही. त्याचे कारणही तो प्रामाणिकपणे सांगतो: बौद्धांचा एकही ग्रंथ किंवा ज्याला विचारता येईल असा एकही बौद्ध माणूस आपल्याला भेटला नाही. बिरुनी वायव्य भारतात वावरत होता. तिथे त्याला विचारायला माणूस मिळू नये, ही ओळ बौद्ध धर्माच्या ऱ्हासाबद्दल बरेच काही सांगून जाते.

१२व्या शतकात शहरस्तानीने धर्म आणि पंथांवरच्या आपल्या ग्रंथात ‘बुद्दांचे अनुयायी’ असे एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात तो ‘शाकमीन’चा, म्हणजे शाक्यमुनींचा उल्लेख करतो, टाळायच्या दहा पापांची यादी देतो आणि शेवटी म्हणतो, की हे लोक बुद्दाचे जे वर्णन करतात ते खरे असेल, तर तो आपल्याकडच्या खिज्रसारखा दिसतो. हजरत खिज्र म्हणजे मूसा अलैहिस्सलाम यांनाही ज्यांच्याकडून शिकावे लागले ते. शहरस्तानीने याहून मोठा मान दिला असता, तरी तो कुठला देणार होता?

१४व्या शतकाच्या सुरुवातीला इराणचा वजीर रशीदुद्दीन याने ‘जामिउत्तवारीख’ लिहिताना कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूची मदत घेतली आणि शाक्यमुनींचे चरित्र लिहिले. त्यात माराच्या जागी इब्लीस आहे. पुनर्जन्म रशीदुद्दीनला मान्य नव्हता, त्याचे खंडन त्याने वेगळे केले. पण आधी ऐकून घेतले, मग खंडन केले. याच काळाची दुसरी बाजूही आहे. रशीदुद्दीनला हे काम देणारा मंगोल बादशहा गाझान खान बौद्ध वातावरणात वाढला होता. १२९५ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारला आणि त्यानंतर इराणमधली बौद्ध मंदिरे पाडली गेली.

आणि मग बिहार. मिन्हाज सिराजने १२६०च्या सुमारास लिहिलेल्या ‘तबकाते नासिरी’त बख्तियार खिलजीच्या स्वारीचे वर्णन आहे. किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या एका जागेवर हल्ला झाला. तिथले मुंडन केलेले सगळे लोक मारले गेले. मग पुस्तकांचा मोठा साठा सापडला, पण त्यात काय लिहिले आहे हे सांगायला कुणी जिवंत उरले नव्हते. तेव्हा कळले, की हा किल्ला नव्हताच, मदरसा होता. आणि ‘बिहार’ म्हणजेच मदरसा. हे वर्णन नालंदाचे नसून बहुधा ओदंतपुरीचे आहे, असे अनेक इतिहासकार मानतात. तिबेटी भिक्षू धर्मस्वामी १२३४-३६ मध्ये आला, तेव्हा नालंदात नव्वदीतले राहुलश्रीभद्र सुमारे ७० शिष्यांना शिकवत होते. नालंदा एका रात्रीत संपले नाही आणि बौद्ध धर्माच्या ऱ्हासाला राजाश्रय जाण्यापासून ब्राह्मणी राजांनी केलेल्या छळापर्यंत इतरही कारणे होती. त्या छळाचा उल्लेख खुद्द बाबासाहेबांनी केला आहे. हे सगळे खरे आहे. पण धर्मस्वामीच्या मुक्कामातही तुर्की सैनिकांची धाड आलीच होती. ‘नालंदा नव्हे, ओदंतपुरी’ असे म्हणून आपण काय सिद्ध करतो? मदरसा तर उद्ध्वस्त झालाच. वाचणारे तर मेलेच. मदरशाची किंमत आपल्याइतकी कुणाला कळायला हवी?

याचा शेवटचा अंक आपल्या डोळ्यांसमोर घडला. बामियानच्या डोंगरातल्या ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या दोन मूर्ती हजारहून अधिक वर्षे मुसलमानांच्या शेजारात उभ्या होत्या. फारसी परंपरेत त्यांना ‘सुर्ख बुत’ आणि ‘खिंग बुत’ अशी लाडकी नावे होती, त्यांच्यावर प्रेमकथा रचल्या गेल्या होत्या. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या सुरुंग लावून उडवल्या. त्याआधी मुस्लिम देशांचे शिष्टमंडळ कंदहारला गेले होते. इजिप्तचे मुफ्ती आणि युसुफ अल-करदावी यांच्यासारखे आलिम त्यात होते. शेकडो वर्षे मुसलमानांनी न पाडलेल्या मूर्ती आज पाडू नका, हे त्यांचे म्हणणे कुणी ऐकले नाही. आता तिथे पूजा करणारा एकही बौद्ध नव्हता. एका शब्दाशी चाललेली ती लढाई होती. बाबासाहेबांनी जे लिहून ठेवले होते, ते तालिबानने त्यांच्या मागे ४५ वर्षांनी पुराव्यासह सादर केले.

अंजीर आणि पिंपळ

विसाव्या शतकात काही मुसलमान विचारवंतांनी हे नाते नव्याने जुळवायचा प्रयत्न केला. इक्बालांनी १९३२च्या ‘जावेदनामा’त चंद्रावरच्या प्रवासात गौतम, जरथुष्ट्र, ईसा आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीचे चार लेख एकाच दरीत ठेवले आहेत. हैदराबादेत जन्मलेले आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झालेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी तर कुरआनातच बुद्धाची खूण शोधली. सूरह तीनच्या सुरुवातीला अंजीर, जैतून, सीना पर्वत आणि मक्का शहर यांची शपथ आहे. यातला जैतून ईसांकडे, सीना मूसांकडे आणि मक्का मुहम्मद (स.) यांच्याकडे बोट दाखवत असेल, तर अंजीर कुणाकडे? बुद्धाला बोधी झाली तो पिंपळ अंजिराच्याच कुळातला आहे. शिवाय कुरआनात जुल-किफ्ल हे नाव येते; ‘किफ्ल’ म्हणजे कपिलवस्तू असू शकेल, अशीही एक सूचना आहे. २०१० मध्ये ‘इस्लाम आणि बौद्ध धर्म यांतील समान भूमी’ अशा अर्थाचे रझा शाह-काझेमी यांचे इंग्रजी पुस्तक दलाई लामांच्या प्रास्ताविकासह निघाले. ‘उदान’ या पाली ग्रंथातले अजात, अकृत असे जे तत्त्व आहे, ते आणि सूरह इख्लासमधला अल्लाह यांत साम्य दाखवून, बौद्धांनाही ‘अहले किताब’सारखे मानता येईल, अशी त्याची दिशा आहे.

हे सगळे वाचताना मला प्रथम फार बरे वाटले. कुरआन म्हणतो, की प्रत्येक समाजात सावध करणारा येऊन गेला (३५:२४). काही पैगंबरांची हकीकत सांगितली, काहींची सांगितली नाही (४०:७८). मग न सांगितलेल्यांत बुद्ध का नसावेत? मी उत्साहाने हे एका बौद्ध मित्राला सांगितले. तो शाळेत शिक्षक आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “सर, तुम्ही त्यांना पैगंबर करणार. आधीच्यांनी विष्णूचा नववा अवतार केला होता. फरक काय?”

मला उत्तर सुचले नाही. १९५६ साली नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानणे नाकारते. ज्या माणसाला एकदा देवळात कोंडून गप्प केले गेले, त्याला आता आपण प्रेमाने का होईना, आपल्या यादीत घेणार. १९५७ मध्ये बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातला बुद्ध तर ईश्वर नाकारतो, आत्मा नाकारतो, आपण कुणाचे प्रेषित आहोत असा दावा करत नाही. तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. हा बुद्ध खिज्रच्या पोशाखात बसत नाही, रसूलच्याही नाही. आणि मी? माझा अल्लाहवर विश्वास आहे, आखिरतवर आहे. हा मतभेद खरा आहे. अंजिराची फांदी वाकवून तो झाकता येत नाही.

मग करायचे काय? आपल्याच परंपरेत एक वाट आहे, ती मला अधिक सरळ वाटते. १८व्या शतकातले दिल्लीचे नक्शबंदी सूफी मिर्झा मजहर जान-ए-जानाँ (मृत्यू १७८१) यांना भारतातल्या जुन्या महापुरुषांविषयी विचारले गेले. त्यांचे म्हणणे असे, की या देशातही पैगंबर आले असणार. पण नेमके कोण, हे कुरआनाने सांगितलेले नाही, म्हणून त्यांच्याबद्दल मौन पाळणे बरे. उलेमांच्या भाषेत याला तवक्कुफ म्हणतात, निकाल राखून ठेवणे. गंमत म्हणजे, जग अनंत आहे की सान्त, मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो, असल्या प्रश्नांवर खुद्द बुद्धही मौन पाळत. त्यांचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे: विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा कोण, कुठल्या जातीचा, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. तो उत्तर मिळण्याआधीच मरेल. दोन मौनांची कारणे वेगळी आहेत. एक गैबच्या अदबीतून आले आहे, दुसरे दुःखाच्या घाईतून. पण दोघांच्या मौनात शेजाऱ्याला जागा मिळते. त्याला आपल्यात ओढायचे नाही, आणि फेकूनही द्यायचे नाही.

पाणी

मात्र मौनाने बाण निघत नाही. अरबीतून युरोपात गेलेला बूदासफ म्हातारा आणि आजारी माणूस पाहून घर सोडतो. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात ही दंतकथा बाजूला ठेवली. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तोच प्रश्न विचारला: २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्याचा तंटा पेटतो, शाक्य युद्ध पुकारतात, सिद्धार्थ विरोध करतो आणि त्याला देशत्याग पत्करावा लागतो. म्हणजे दुःख केवळ जरा-मरणाचे नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे, तिथून ते सुरू होते. महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांनी बुद्धाच्या चरित्रात पाणी पाहावे, यात नवल काय?

आता आपल्याविषयी. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९३४चा एक प्रसंग आहे. ते सुमारे ३० सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या या लोकांपैकी काहींनी तिथे तोंड, पाय धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान ओरडत आला, की या लोकांनी हौद बाटवला. त्याने त्यांना जातीवाचक शब्द वापरला. तरुण मुसलमान जमले, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, हेच तुमचा धर्म शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? कुणी उत्तर दिले नाही. शेवटी किल्ला पाहायला परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला सोबत शिपाई.

तोंड, पाय. वुझूत आपण हेही धुतो. रोजा धरलेल्या त्या वृद्धाने हे हजारो वेळा केले असेल. बख्तियार खिलजीबद्दल आपण म्हणू शकतो, की तो तुर्क होता, लुटारू होता, आठशे वर्षांपूर्वीचा होता. दौलताबादचा म्हातारा आपला होता. मराठवाड्यातला, दखनी बोलणारा, कुणाचा तरी आजा. ओदंतपुरी की नालंदा हा वाद घालता येतो. हौदावर तसा वाद घालायला जागा नाही.

सूरह माऊन बहुतेकांना पाठ असते, लहान आहे म्हणून नमाजात वारंवार म्हटली जाते. दीन नाकारणारा कोण, असा प्रश्न तिच्या सुरुवातीला आहे. उत्तरात अनाथाला ढकलणारा माणूस येतो आणि शेवटी ‘माऊन’ रोखून धरणारे येतात. माऊन म्हणजे काय, यावर सहाबी इब्न मसऊद यांचे स्पष्टीकरण तफसीरमध्ये आहे: कुऱ्हाड, हंडा, बादली असल्या वस्तू, ज्या शेजारी एकमेकांना उसन्या देतात. बादली नाकारणे हे दीन नाकारण्याच्या यादीत आहे. असगर अली इंजिनिअर यांनी १९९०च्या ‘इस्लाम अँड लिबरेशन थिऑलॉजी’ या पुस्तकात जुल्म आणि अद्ल यांच्या आधारे जे आधुनिक धर्मशास्त्र मांडले, त्याचा पाया अशाच आयतींवर आहे. बौद्ध शेजाऱ्याशी आपले बोलणे कुठून सुरू व्हावे, असे मला कुणी विचारले, तर मी निर्वाण आणि फना यांच्या तुलनेऐवजी इथे बोट ठेवीन. तो ज्याला दुःख म्हणतो आणि मी ज्याला जुल्म म्हणतो, ते हौदाच्या काठावर एकच असते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत होते. मशिदीच्या बोअरला मात्र पाणी होते. बाहेरच्या भिंतीला नळ काढून तो पलीकडच्या वस्तीलाही खुला ठेवावा का, यावर इशानंतर बैठक झाली. मोटार जळेल, गर्दी होईल, वुझूला पाणी पुरणार नाही, अशी सगळी कारणे निघाली. कारणे खोटीही नव्हती. मी दौलताबाद सांगायला तोंड उघडले, पण त्याआधी कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्धाने, ज्यांना फारसे कुणी बोलताना ऐकले नव्हते, सूरह माऊन म्हटली. पूर्ण. आणि पुन्हा गप्प बसले. नळ निघाला. वेळ ठरली, सकाळी सहा ते आठ. मोटार एकदा जळली, वर्गणी काढून दुरुस्त केली.

त्यांचीही दाढी पांढरी होती.

बाबासाहेबांच्या त्या पानाला हे उत्तर नाही, मला ठाऊक आहे. एका नळाने ओदंतपुरीची पुस्तके परत येत नाहीत. ‘बुत’ हा शब्द शब्दकोशातून काढता येत नाही आणि शायरीतून तर नाहीच नाही. पण आता घरात कुणी तो शब्द उच्चारला की मी मुलांना त्याची गोष्ट सांगतो: हे एका माणसाचे नाव होते. आपण ते ऐकण्यात चूक केली. मुलगी विचारते, मग तो माणूस कोण होता? मी तिला पलीकडच्या गल्लीतल्या शिक्षकांकडे पाठवतो. माझ्यापेक्षा ते नीट सांगतील.